सुगंधाची बाटली आणि अमानत



चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला वाळ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पारा पंचेचाळीस अंश ओलांडून पुढे सरकू लागला की कूलरला वाळ्याच्या ताट्या लागतात, माठात वाळ्याची जुडी पडते आणि भर दुपारी घरात पहिल्या पावसाचा भास होतो. हाच वास बाटलीत भरावा आणि वर्षभर चादरी, उशा, पडद्यांवर फवारावा, अशी कल्पना आमच्या मोहल्ल्यातील काही भगिनींना दोन वर्षांपूर्वी सुचली. ईदच्या आधी त्यांनी एका घाण्यात चाळीस बाटल्या काढल्या. (घाणा हा शब्द तेलाचा आणि तळणीचा, सुगंधाच्या कामाला तो कसा शोभतो म्हणून त्यांची थट्टाही झाली. पण काम करणाऱ्यांना तोच सोयीचा वाटला, म्हणून मीही तोच वापरतो.) शंभर मिलिलिटरची बाटली, किंमत ऐंशी रुपये, वर हिरव्या अक्षरांत ‘शुद्ध वाळा – नैसर्गिक सुगंध’. बाटल्या चार दिवसांत संपल्या.

त्यातली एक बाटली शेजारच्या एका वयोवृद्ध खालांनी घेतली. घेताना त्यांनी सहज विचारले, “बेटी, जानमाजवर मारली तर चालेल ना?” विकणारी मुलगी म्हणाली, “हो खाला, का नाही चालणार?” खाला दुआ देत निघून गेल्या. मुलगी मात्र त्या संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मी खोटे बोलले का, ते मला सांगा. त्यात स्पिरिट आहे.”

तिला लगेच उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो आहे, कारण असे घरगुती उद्योग आज आपल्या पुष्कळ घरांतून चालतात आणि हा प्रश्न केवळ सुगंधाच्या बाटलीपुरता नाही.

आधी बाटलीत स्पिरिट का आले ते पाहू. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही. शंभर मिलिलिटर पाण्यात वीस थेंब वाळ्याचे तेल टाकले, तर ते वर तरंगते. बाटली हलवली की क्षणभर मिसळते आणि पुन्हा वेगळे होते. चादरीवर मग कुठे नुसते पाणी पडते, तर कुठे तेलाचा डाग. स्पिरिट तेलाला आपल्यात सामावून घेते, पाण्याशीही एकजीव होते, हवेत झटकन उडून जाते आणि मागे केवळ वास ठेवते. शिवाय पुरेशा प्रमाणात असेल, तर पाण्यात बुरशी धरू देत नाही. या गुणांमुळे बाजारातील बहुतेक फवाऱ्यांत ते असते. त्या भगिनींनी औषधांच्या दुकानातून स्पिरिट आणले, अत्तराच्या दुकानातून खसचा अर्क आणला आणि दोन्ही मिसळून पाणी घातले. यात लपवण्यासारखे काही आहे, हे त्यांच्या मनातही आले नाही.

आता धार्मिक बाजू. मद्य निषिद्ध आहे, याविषयी मुसलमानांत दुमत नाही. मतभेद आहे तो न पिता बाह्य वापरात आलेल्या स्पिरिटच्या पाक-नापाकपणाविषयी. इमाम अबू हनीफा (रह.) आणि इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या मते ज्या मद्याला नापाक मानले आहे ते द्राक्ष आणि खजूर यांपासून बनलेले, धान्य, मध इत्यादींपासून निघालेल्या द्रवाला तो हुकूम जसाच्या तसा लागू होत नाही. पिण्याच्या बाबतीत हनफी विद्वानांनी इमाम मुहम्मद (रह.) यांचे कठोर मत स्वीकारले आणि प्रत्येक मादक पेय हराम ठरवले, परंतु औषधे, अत्तरे, शाई अशा वस्तूंसाठी आधुनिक काळातील अनेक हनफी विद्वानांनी पहिल्या मताच्या आधारे सवलत दिली. महाराष्ट्रात तयार होणारे स्पिरिट बहुतांशी उसाच्या मळीचे असते. द्राक्ष-खजुराचा त्यात संबंध नाही. दुसरीकडे इमाम शाफई (रह.) यांच्या अनुयायांचे प्रसिद्ध मत असे की, मादक द्रव मग तो कशाचाही असो, नापाक आहे. विदर्भातील आपले बहुसंख्य बांधव हनफी, कोकणातील बहुसंख्य शाफई. म्हणजे चंद्रपुरात विकलेली बाटली रत्नागिरीला दिलेल्या लेकीच्या घरी गेली, तर प्रवासात बाटलीचा हुकूम बदलू शकतो! आणखी एक गोष्ट. दुकानात ‘स्पिरिट’ या एकाच नावाने दोन वेगळे पदार्थ मिळतात: एक आंबवून-गाळून काढलेले इथाइल अल्कोहोल, ज्यात ते कोणी पिऊ नये म्हणून विषारी द्रव्य मिसळलेले असते, आणि दुसरे आयसोप्रोपिल, जे पेट्रोलियम-रसायनांपासून बनते आणि मद्य म्हणून कधी प्यायले जात नाही. दोहोंचा विचार विद्वान वेगवेगळा करतात.

मी त्या मुलीला विचारले, “तुमच्या बाटलीत यांपैकी कोणते?” ती म्हणाली, “माहीत नाही. कॅनवर काय लिहिले होते ते कुणी वाचलेच नाही.”

वाचकहो, माझ्या मते या प्रकरणातील पहिली चूक इथे झाली. ‘चालेल’ हे उत्तर खरे निघाले असते किंवा खोटे. देणाऱ्याला मात्र ते ठाऊक नव्हते. माहीत नसताना होकार देणे ही खोट्याची सख्खी बहीण आहे.

आपल्या जिल्ह्यांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो बाहेरच्यांना चटकन उमगणार नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी, विशेषतः गावोगावच्या स्त्रियांनी, लढून मिळवली. चंद्रपूरसाठी स्त्रियांनी २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. त्या मोर्चातील बहुतेक भगिनी मुसलमान नव्हत्या. नवऱ्याच्या मजुरीचे पैसे आणि मुलाचे आयुष्य कुठे वाहून जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ज्या घरात मोहाच्या दारूने माणूस गेला, त्या घरातील आईला ‘स्पिरिट’ हा शब्द ऐकताच काय वाटेल? फिकहचा ग्रंथ तिच्यासाठी उघडून उपयोग नाही. तिने बाटली परत केली तर तिचे चुकले असे मी म्हणणार नाही, आणि ती परत करण्याची संधीच तिला मिळाली नाही, तर तिच्यावर अन्याय झाला असे मात्र नक्की म्हणेन.

हाच या लेखाचा गाभा आहे. स्पिरिट वैध की अवैध, याचा निर्णय विद्वानांकडून घ्यावा. परंतु ज्या बाबतीत प्रामाणिक विद्वानांत मतभेद आहेत, त्या बाबतीत विकणाऱ्याने खरेदी करणाऱ्याच्या वतीने परस्पर निर्णय घेऊन टाकावा का? आपल्याला जे मत पटते त्यानुसार आपण वागू शकतो. दुसऱ्याच्या जानमाजवर ते मत त्याला न सांगता शिंपडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

धान्याच्या ढिगाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. सहीह मुस्लिममध्ये माननीय अबू हुरैरा (रजि.) यांच्या निवेदनाने ती आली आहे. पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात आणि बोटांना ओल लागते. विचारले असता विक्रेता सांगतो की पाऊस पडला होता. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे आपण (स.) विचारता आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारता. ही हदीस आपण भेसळीविरुद्ध उद्धृत करतो, ते योग्यच आहे. पण एक बारीक गोष्ट नजरेतून सुटते. त्या ढिगात भेसळ नव्हतीच. ओले धान्य हराम नसते. पाऊस पाडणे विक्रेत्याच्या हाती नव्हते, आणि ते धान्य कमी भावात घेणारा कोणी ना कोणी सापडलाच असता. आक्षेप होता तो ओल खाली आणि कोरडे वर, या रचनेवर. म्हणून ‘आमच्या बाटलीत जे आहे ते हलालच आहे’ एवढे म्हणून सुटका होत नाही. हलाल वस्तूसुद्धा लपवून विकता येते.

सुगंधाच्या व्यापारात ही खाली-वर रचना फार जुनी आहे, कारण इथे माल डोळ्यांना दिसत नाही. नाकावर विश्वास ठेवावा लागतो आणि नाक सहज फसते. नवव्या शतकातील तत्त्वज्ञ अल्-किंदी यांच्या नावावर अत्तरांच्या रसायनावरील एक ग्रंथ आहे. त्यात शंभरावर कृती आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच कस्तुरी, केशर अशा महाग द्रव्यांची हुबेहूब नक्कल कशी करावी याच्या आहेत. पुढे बाराव्या शतकात अश्-शैजरी यांनी बाजार-निरीक्षकासाठी, म्हणजे मुहतसिबासाठी, जे मार्गदर्शक पुस्तक लिहिले, त्यात अत्तारांसाठी वेगळे प्रकरण आहे: कस्तुरीत काय मिसळतात, अंबरात काय मिसळतात आणि ते कसे ओळखावे. एका हाताने नक्कल, दुसऱ्या हाताने तपासणी. आपल्या संस्कृतीच्या सुवर्णकाळाचा अभिमान बाळगताना ही बाजूही आठवणीत असावी.

लांब कशाला जायचे? आपल्या महाराष्ट्रातील रोशा गवताचे उदाहरण घ्या. खानदेश आणि मध्य भारताच्या डोंगर-जंगलांत वाढणाऱ्या या गवताचे तेल पाण्याच्या भट्टीवर गाळून मुंबई बंदरात जाई. तिथून तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे इस्तंबूलला. एकोणिसाव्या शतकात तिथे त्याला चांगली मागणी होती, ती गुलाबाच्या तेलात मिसळण्यासाठी! दोहोंत जेरॅनिऑल हे एकच द्रव्य विपुल असते, म्हणून वास जवळचा. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार टन फुले लागतात. गवत त्यामानाने फुकटच. रोशा तेल उन्हात ठेवून त्याचा रंग फिका करीत आणि गुलाबाच्या पाकळ्या भट्टीत घालण्यापूर्वीच त्यांवर शिंपडीत, म्हणजे भेसळ गाळणीतूनच ‘शुद्ध’ होऊन बाहेर येई. याहून मोठी गंमत अशी की, ते रोशा तेलही वाटेत टर्पेंटाइन किंवा खोबरेल मिसळून वाढवले जाई. नकली वस्तूचीही नक्कल! जंगलात गवत कापणाऱ्या माणसाने मात्र गवत म्हणूनच गवत विकले होते. साखळी जितकी लांब, तितकी ‘मी फक्त पुढे पाठवले’ म्हणणारी माणसे अधिक. आणि शेवटी कोणाच्या तरी मनगटावर गुलाब म्हणून गवत.

आमच्या मोहल्ल्यातील बाटलीवर ‘शुद्ध वाळा’ लिहिले होते, हे आपल्या लक्षात असेल. दुकानातून आणलेला खसचा अर्क वाळ्याच्या मुळांपासून काढला होता की कारखान्यात जुळवला होता? वाळ्याच्या खऱ्या तेलाचा भाव आणि त्या अर्काचा भाव शेजारी ठेवले, तर उत्तर आपोआप मिळते. कृत्रिम सुगंध वापरणे पाप नाही. मग ‘नैसर्गिक’ हा शब्द कशाला? तो शब्द बाटलीत नव्हता, फक्त बाटलीवर होता, आणि ऐंशी रुपयांतील काही रुपये त्या शब्दाचे होते.

यावर दोन आक्षेप मला ऐकवले गेले. दोन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला असा की, इतकी चिकित्सा केली तर माणूस वसवशात, शंकाकुशंकांत अडकेल. इस्लाम सोपा आहे, कशाला प्रत्येक बाटली नाकाला लावून बसायचे? हे खरे आहे. सहीह बुखारीत माननीय आयशा (रजि.) यांच्याकडून वर्णन आहे की, नव्याने मुसलमान झालेल्या लोकांनी आणलेल्या मांसावर अल्लाहचे नाव घेतले की नाही हे माहीत नसल्याचे सांगितले गेले, तेव्हा पैगंबर (स.) यांनी स्वतः नाव घेऊन खाण्यास सांगितले. ग्राहकाने खोदून-खोदून विचारू नये, हाच बोध. परंतु ग्राहकाला ही मोकळीक कशाच्या बळावर मिळते? समोरचा माणूस अमानतदार आहे, या गृहीतावर. खरेदी करणारा जितका निश्चिंत, तितकी विकणाऱ्याची जबाबदारी वाढते. खालांनी तर विचारलेही होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मोठ्या कंपन्या बाटलीवर ‘सुगंध’ एवढा एक शब्द छापून मोकळ्या होतात; त्यात किती द्रव्ये आहेत कोणी विचारत नाही. चार पैसे मिळवू पाहणाऱ्या गरीब बायकांनीच काय म्हणून सारे उघड करावे? याला माझ्याजवळ पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. हे ओझे विषम आहे, हे मान्य. गडचिरोलीत बांबूच्या काड्यांना अगरबत्तीचा लगदा लावणाऱ्या स्त्रिया असोत वा आमच्या मोहल्ल्यातील भगिनी, त्यांच्या कष्टाचे मोल आधीच कमी आहे. तरीही एक फरक दिसतो. कंपनीच्या बाटलीला खाला प्रश्न विचारू शकत नव्हत्या. या मुलीला विचारू शकल्या, आणि म्हणूनच त्यांनी दुकानातली बाटली सोडून हिची घेतली. विचारता येणे हेच तर घरगुती वस्तूचे भांडवल आहे.

कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनची सुरुवात आपल्याला ठाऊक आहे: मापात मारणाऱ्यांचा धिक्कार, जे घेताना पुरेपूर घेतात आणि देताना कमी देतात. त्याच सूरहमध्ये पुढे सदाचारी लोकांना मिळणाऱ्या पेयाचे वर्णन येते. ते मोहोरबंद असेल आणि त्याची मोहोर कस्तुरीची असेल. मापाच्या चोरीपासून सुरू झालेली सूरह सुगंधी मोहोरेपर्यंत पोहोचते, हे मी कितीदा वाचले असेल. पण चाळीस बाटल्यांच्या त्या घाण्यापूर्वी या दोन गोष्टी माझ्या मनात कधी शेजारी आल्या नव्हत्या. तिथे मोहोर फोडल्यावर आत तेच निघणार जे बाहेर सांगितले.

आणि ज्या इमामांच्या मताचा आधार घेऊन आपण अत्तरातील स्पिरिटला सवलत देतो, ते स्वतः बाजारात कसे वागत? इमाम अबू हनीफा (रह.) कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. त्यांचे भागीदार हफ्स बिन अब्दुर्रहमान यांच्याकडे त्यांनी माल पाठवला आणि कळवले की अमुक कापडात दोष आहे, विकताना सांगावे. हफ्स सांगायला विसरले. कापड विकले गेले आणि गिऱ्हाईक कोण होते हेही आठवेना. इमामांना कळले तेव्हा त्यांनी दोषाची भरपाई मोजत बसण्याऐवजी त्या मालाची सारी रक्कम दान करून टाकली. कापड विकणे हलाल, दोष असलेले विकणेही सांगून हलाल. भागीदाराचा हेतू फसवण्याचा नव्हता. तरी ती रक्कम त्यांना घरात नको झाली. त्यांच्या मताचा फायदा घ्यायचा आणि त्यांची ही सवय सोडून द्यायची, हा सौदा मला एकतर्फी वाटतो.

हे सारे मी त्या मुलीला एका बैठकीत सांगितले नाही. सांगितले असते तर ती पुन्हा आली नसती. तिने काय केले ते सांगतो. आधी तिने दुकानात जाऊन कॅन वाचला. ते इथाइल निघाले. मग ती खालांकडे गेली आणि स्पिरिटचे व अर्काचे, दोन्ही सांगितले. खाला थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या की मशिदीतले इमामसाहेब सवलत देतात हे त्यांना माहीत आहे, पण त्यांचा थोरला मुलगा दारूपायी गेला. बाटली त्या पडद्यांवर वापरतील, जानमाजवर नाही. ऐंशी रुपये त्यांनी परत घेतले नाहीत.

पुढच्या घाण्यात त्या भगिनींनी दोन प्रकार केले. एकात स्पिरिट, आणि बाटलीवर तसे स्पष्ट लिहिलेले. दुसऱ्यात केवळ वाळ्याचे पाणी: मुळे धुऊन रात्रभर भिजवायची, मोठ्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायची, मधोमध रिकामे भांडे, वर उलटे झाकण, झाकणावर बर्फ, वाफ थंड होऊन थेंबाथेंबाने आतल्या भांड्यात जमते. दुपारभर चूल जळली तेव्हा दोनएक बाटल्या भरल्या. वास मंद, आणि टिकाऊपणा इतका कमी की बाटली शीतपेटीत ठेवून दोन आठवड्यांत संपवावी लागते. म्हणून त्यावर तारीखही घालतात. ‘शुद्ध’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द दोन्हींवरून गेले आहेत. चाळिसातल्या अकरा बाटल्या यंदा ईदनंतरही उरल्या. वाळ्याच्या पाण्याची मागणी मात्र मशिदीच्या सफाईचे काम पाहणाऱ्या एका गृहस्थांकडून आली आहे, आणि एवढी मुळे कुठून आणायची, नाल्याकाठचा वाळा उपटून संपवला तर पुढच्या उन्हाळ्यात काय, यावर आता त्यांच्यात वाद चालू आहे.